अधिक ज्येष्ठ

सकाळी सव्वासातला मयुरेशनं चहाचा कप नानांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला, वॉकर त्यांच्या हाताशी सरकवला आणि तो वळणार तेवढ्यात नाना म्हणाले, "साखर जास्त झालीय ब्रदर. असू द्या."

तो दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. ब्रदर. हा शब्द तो वीस वर्षं दिवसातून शंभरदा ऐकत आला होता. नर्सिंगचं काम करणाऱ्या पुरुषाला दवाखान्यात याच नावानं हाक मारतात. पेशंट मारतात, नातेवाईक मारतात, लिफ्टवाला मारतो. पुढं एम.एस्सी. होऊन तो कॉलेजात शिकवायला लागला, पीएच.डी.ला बसला, तरी वॉर्डात पाऊल टाकलं की तो ब्रदरच. त्याचं त्याला काही वाटेनासं होऊन जमाना झाला होता. पण नानांच्या तोंडून हा शब्द त्यानं कधीच ऐकला नव्हता. रामकुंडावर पन्नास वर्षं यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं चालवणाऱ्या वेणीमाधवशास्त्रींनी मुलाच्या कामाचं नाव घ्यायचं नाही, असं जणू व्रतच घेतलं होतं. यजमानांनी विचारलं तर म्हणायचे, "मुलगा हॉस्पिटलात असतो." यजमान समजायचे डॉक्टर. नाना तो समज मोडायचे नाहीत, आणि खोटंही बोलायचे नाहीत. आई आजारी पडली तेव्हा मयुरेश एकोणीस वर्षांचा होता. आठ महिने तिचं सगळं त्यानं केलं. तिला कूस बदलून देणं, पाठीच्या जखमा धुणं, भांडं देणं. नाना त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहून विचारायचे, "गोदावरी, बरं वाटतंय ना?" आणि आत न येताच परत जायचे. आई गेल्यावर त्यानं नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा नाना वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. नंतर बोलले ते एवढंच, "तिकडून आलास की आंघोळ केल्याशिवाय देवघरात येऊ नकोस." आणि आज, हाड मोडून, ऑपरेशन होऊन, मुलाच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत दोन महिने काढल्यावर, त्यांनी तो शब्द उच्चारला. वर 'असू द्या' म्हणाले. द्या. जन्मभर त्याला अरेतुरे करणारे नाना.

"नाना, मी कोण?" त्यानं दारातूनच विचारलं. हा प्रश्न त्यानं शेकडो म्हाताऱ्यांना विचारला होता, पण इतक्या बारीक आवाजात कधी नाही.

"सकाळच्या पाळीचे," नाना म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

त्या दिवशी त्याला वाटलं, झोपेत असतील. पण पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशी तेच. यशश्रीला, त्याच्या बायकोला, ते बरोबर ओळखत. "यशश्री, गवार कोवळी होती गं," असं जेवताना सांगत. दूधवाल्याचा मुलगा बारावीला आहे हे त्यांना आठवे. सिंहस्थासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यावरून पुतण्या स्कूटरवर आला की त्याला विचारत, "गंगेवर गर्दी किती? गोमुखापाशी कोण बसतंय आता?" फक्त मयुरेश खोलीत आला की त्यांच्या आवाजाला एक परकी, अदबीची घडी पडे. ब्रदर, जरा उशी. ब्रदर, धन्यवाद. यशश्री पहिल्यांदा हसली, मग हसेनाशी झाली. "अरे, हे काय आहे? तुझा तर विषय आहे ना हा?" ती म्हणाली. त्याचाच विषय होता. दवाखान्यात दाखल झालेल्या म्हाताऱ्या माणसांना अचानक होणारा भ्रम, ज्याला डॉक्टर मंडळी डिलिरियम म्हणतात, तो नर्सेसच्या लक्षात येतो की निसटतो, यावर त्यानं चार वर्षं घालवली होती. म्हाताऱ्यांची पकड किती किलोची, चार मीटर चालायला किती सेकंद, महिने उलटे म्हणता येतात का. एका घरातल्या माणसानं दुसऱ्याला दुसऱ्याच नावानं हाक का मारावी, याचं उत्तर त्याच्या प्रबंधात होतं. किंवा असायला हवं होतं. स्वतःशी बोलताना तो 'डिमेन्शिया' हा शब्द जिभेवर ठेवून पाही. कडू लागत नसे. त्याला आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटे, आणि तसं वाटल्याची त्याला दुसऱ्या क्षणी शिसारी येई. कारण दुसरी एक शक्यता होती, आणि तिच्याकडे तो पाठ करून बसला होता.

ती शक्यता मार्चअखेरीच्या एका बुधवारची होती. त्याच्या काही दिवस आधी नाना घाटाच्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मयुरेश ज्या हॉस्पिटलात आपला अभ्यास करत होता तिथंच त्यांना ठेवलं, कारण तिथं सगळे ओळखीचे. ऑपरेशन सोमवारी झालं. मंगळवारी ते ठीक होते. बुधवारी दुपारपासून त्यांची बोटं चादरीवर काहीतरी वेचू लागली. पलंगाच्या पायथ्याशी पाणी चढतंय, असं म्हणाले. सलाईनची नळी दोनदा ओढली. त्याच्या अभ्यासातलं प्रकरण डोळ्यांपुढं उलगडत होतं आणि त्याला ते दिसतही होतं. अशा वेळी काय करायचं हे तो विद्यार्थ्यांना पाठ करून घ्यायचा: माणसाजवळ बसा, चष्मा द्या, नाव घेऊन बोला, तहान-लघवी-दुखणं विचारा, आणि हात बांधू नका, बांधल्यानं भ्रम वाढतो. शेवटचं वाक्य तो फळ्यावर लिहून खाली रेघ मारायचा. पण यशश्री डबा आणायला घरी गेली होती आणि घड्याळात पावणेपाच झाले होते. वरच्या मजल्यावर त्याच्या अभ्यासातले सहा पेशंट होते, त्यांची संध्याकाळची चाचणी पाच ते सातमध्येच व्हायला हवी होती. ती चुकली तर सहाजणांची नोंद अपुरी, म्हणजे ते सहाही बाद. आणि नाना त्या अभ्यासात नव्हते. संशोधकाचा रक्ताचा नातेवाईक घ्यायचा नाही, असा नियम त्यानं स्वतःच लिहिला होता. त्यानं ट्रॉलीवरची पट्टीची गुंडाळी घेतली, नानांच्या मनगटाभोवती कापूस लावला, पट्टी फिरवली आणि पलंगाच्या कठड्याला गाठ मारली. मग दुसरा हात. वॉर्डच्या इनचार्ज सुवर्णा सिस्टर औषधं वाटत होत्या. त्या थांबल्या. निफाडच्या बाई, बोलायला फटकळ, पण त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "सर... तुम्हीच?"

"दहा मिनिटं, सिस्टर," तो म्हणाला. "नानांकडे लक्ष असू द्या."

जिना चढताना मागून हाक आली होती. मयुर. पुन्हा एकदा, मयुर. त्यानं ऐकली होती. येतो, असं तो ओरडला, आणि ते खरंच नानांसाठी होतं की वॉर्डातल्या बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. वर सहाव्या पेशंटनं फार वेळ घेतला. चांदवडकडची एक म्हातारी, तिला तारीख विचारली तर म्हणाली, "एकादशी झाली ना परवा, मंग मोज तूच." त्यानं शून्य लिहिलं. खाली आला तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. नाना शांत पडले होते. डोळे उघडे, नजर छताला. चादर बदललेली होती, पायथ्याशी ओल्या कपड्यांचं बोचकं होतं. गाठी सोडताना त्यांनी हात ओढला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते शांत झाले याचं त्याला बरं वाटलं. हेच त्याला पुढं सर्वांत जास्त छळत राहिलं, की त्याला बरं वाटलं. नाना पुढचे तीन दिवस तसेच शांत होते, विचारलं तर हूं, भरवलं तर दोन घास. नर्सेसनी रोज लिहिलं, रुग्ण शांत, तक्रार नाही. चौथ्या दिवशी घरी संगणकावर तो आपल्याच निष्कर्षांचं वाक्य नीट करत होता, की आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो, गप्प बसवणारा भ्रम कुणालाच दिसत नाही, आणि तोच जास्त घातक. तेव्हा त्याची बोटं कळांवर थांबली. पण तोवर नाना हळूहळू वर येऊ लागले होते. पाचव्या दिवशी त्यांनी पंचांग मागितलं. मयुरेशनं वाक्य पूर्ण केलं आणि प्रकरण मार्गदर्शक मॅडमना पाठवून दिलं.

आठ जूनच्या सोमवारी त्यानं रजा टाकली. यशश्री ऑफिसला गेल्यावर तो प्रश्नावलीचे कागद, पेन्सिल आणि पकड मोजायचं यंत्र घेऊन मागच्या खोलीत गेला. त्याला काय हवं होतं हे त्याला नीट ठाऊक होतं. नानांची स्मृती गेलेली हवी होती. ती गेली असेल तर 'ब्रदर' हे लक्षण होतं, त्याला औषध होतं, सहानुभूती होती, शेजाऱ्यांना सांगण्यासारखं एक नाव होतं. गेली नसेल तर तो निकाल होता.

"नाना, काही प्रश्न विचारतो. सोपे आहेत, काही अवघड असतील."

"विचारा ब्रदर."

"आज तारीख काय?"

नानांनी डोळे मिटले. ओठ हलले आणि मग तो आवाज आला, रामकुंडाच्या पायऱ्यांवर लहानपणी ऐकलेला, खर्जातला, एकही अक्षर न गिळणारा. "शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, उत्तरायण, ग्रीष्म ऋतू, अधिक ज्येष्ठ मास, कृष्ण पक्ष, अष्टमी, इंदुवासर." डोळे उघडून त्यांनी विचारलं, "गोत्रही हवंय?"

"इंग्रजी तारीख, नाना. महिना, सन."

"ती कॅलेंडरावर असते. तिथं बघा."

मयुरेशनं कागदाकडं पाहिलं. छापील उत्तर: तारीख, महिना, सन. विद्यार्थ्यांना तो सांगायचा, उत्तर छापील उत्तराशी जुळलं नाही तर शून्य, आपली दयामाया मध्ये आणायची नाही. त्यानं पुढचा प्रश्न घेतला. तीन शब्द सांगतो, पुन्हा म्हणा: कमळ, दार, बैल. नानांनी म्हटले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा सरळ म्हटले, मग कुणी न सांगता उलटे म्हटले. वर्षाचे महिने शेवटापासून म्हणा, असं तो म्हणाला, आणि नाना जरा सावरून बसले, परीक्षेला बसलेला हुशार मुलगा बसतो तसे. "फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन, भाद्रपद, श्रावण, आषाढ, निज ज्येष्ठ, अधिक ज्येष्ठ, वैशाख, चैत्र. तेरा झाले. तुमच्या कागदावर बारा असतील."

कागदावर डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर होते. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर किती जणांनी त्याला अशी एकादशी, अशी अमावास्या सांगितली असेल आणि त्यानं शून्य लिहून पुढचा पलंग गाठला असेल, हे त्याच्या डोक्यातून गेलं आणि त्यानं ते जाऊ दिलं. खोलीत उन्हाची तिरीप पलंगावर चढली होती. नानांची मनगटं चादरीवर होती, काटकुळी, वर जुन्या सुरकुत्या. तिथं आता काहीच खूण नव्हती. कागदावर नसलेला प्रश्न त्यानं विचारला.

"दवाखान्यातलं काही आठवतं?"

"आठवतं की." नानांचा आवाज अगदी साधा होता, गवार कोवळी होती असं सांगावं तसा. "बुधवार होता. लघवीला लागली होती. तीनदा सांगितलं मी. सांगताना शब्द नीट येत नव्हते, पाणी पाणी म्हणत होतो, हे मला कळत होतं. तिथं एक ब्रदर होते, त्यांनी माझे हात बांधले. चांगल्या गाठी मारल्या, शिकलेले दिसत होते. मी मुलाला हाक मारली. तो नव्हता आला. मग झालं ते अंथरुणातच. मावशींनी धुतलं, दोन बायका बघत होत्या."

"नाना—"

"मी आयुष्यात हजारो मनगटांना दोरा बांधला ब्रदर. कुणाला खांबाला नाही बांधलं."

मयुरेशला बोलायचं होतं. सहा पेशंट, पाच ते सात, अपुरी नोंद, हे सगळं तोंडाशी आलं आणि त्याला त्या शब्दांची लाज वाटली. आणि त्याखालून, फार खालून, वीस-बावीस वर्षांचं काहीतरी वर आलं: आईच्या खोलीचा उंबरा, त्यावर उभे राहिलेले नानांचे स्वच्छ पाय. तुम्ही तर आतसुद्धा आला नाहीत, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. त्यानं विचारलं ते एवढंच, "आणि मुलगा? मुलगा कुठं होता तेव्हा?"

"ते तुम्ही त्याला विचारा."

मग तो बेरीज करू लागला. तारीख, शून्य. महिना, शून्य. सन, शून्य. वार: इंदुवासर, छापील उत्तर सोमवार, शून्य. उलटे महिने, शून्य. प्रत्येक शून्य नियमाला धरून होतं, कुठल्याही परीक्षकापुढं टिकलं असतं. नाना त्याच्याकडे पाहत होते. यजमान संकल्पाचं पाणी नीट सोडतो की नाही हे पाहावं तसे.

"किती मिळाले?"

"तीसपैकी सोळा."

"पास?"

"नाही."

"आमच्या पाठशाळेत सोळाला पास करायचे," नाना म्हणाले आणि भिंतीकडे वळून आडवे झाले.

डॉक्टर भले होते, घाईत होते, आणि त्यांच्यापुढं एका तज्ज्ञानं भरलेला कागद होता. नानांना न्यायला जमलं नाही, व्हीलचेअर, खणलेले रस्ते. मयुरेश एकटाच गेला. वडील मुलाला ओळखत नाहीत, दवाखान्यात कुणीतरी बांधलं होतं असं सांगतात, असं तो म्हणाला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली. असं होतं, घरच्याच माणसाबद्दल संशय येतो, वाईट वाटून घेऊ नका, तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच यातले. मन शांत ठेवणारी एक बारीक गोळी लिहून दिली, रोज संध्याकाळी सातला. अशा गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूवर काय करतात हे मयुरेशनं आपल्या दुसऱ्या प्रकरणात दोन पानं भरून लिहिलं होतं. मेडिकलच्या काउंटरवर उभा असताना त्याला त्या पानांचे क्रमांकसुद्धा आठवत होते.

यशश्रीनं विचारलं, "नक्की का? मला तर नाना नीट वाटतात."

"तुझ्याशी वाटतात," तो म्हणाला. "हा आजार असाच असतो." त्याच्या विषयात ती कशी बोलणार?

नाना गोळी घेत. कसली, असं पहिल्या दिवशी एकदाच विचारलं. "डॉक्टरांनी दिलीय," असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी तळहातावरची ती पिवळी टिकली क्षणभर न्याहाळली, मयुरेशकडे पाहिलं, आणि आचमन घ्यावं तशी घेऊन टाकली. जुलैत प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी हात बांधण्याविषयीच्या प्रकरणाचं नाव घेऊन कौतुक केलं, म्हणाल्या, हे अनुभवातून आलेलं लिखाण वाटतं. टाळ्या झाल्या. घरी तो पेढे घेऊन आला तेव्हा नाना खुर्चीत पेंगत होते. चार हाका मारल्यावर त्यांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला. पंचांग आठवडाभर एकाच पानावर उघडं होतं. पुतण्या आता गंगेवरच्या बातम्या सांगे आणि नाना मान डोलावत, कधी भलत्याच जागी. ब्रदर हा शब्द विरळ होत गेला, कारण शब्दच विरळ होत गेले. घर सुरळीत चाललं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी वणीचा दिनेश आला. चार पिढ्यांचं यजमान घर. डोक्याचे केस उतरवलेले, हातात पिशवीभर द्राक्षाचे मनुके. नानांच्या पायाशी बसून म्हणाला, "वळखलं का गुरुजी? रामभाऊचा दिनेश मी. म्हातारं गेलं आमचं. आज दहावं केलं रामकुंडावर. तुमच्या पुतण्यानं समदं नीट केलं, नाव ठेवायला जागा नाय. पण आई बोलली, गुरुजींच्या तोंडून नावं ऐकून ये, त्याबिगर म्हाताऱ्याला वाट सापडायची नाय."

नाना सरळ झाले. कुठून तरी तो जुना खर्ज गोळा होऊन आला. वही त्यांना कधी लागली नव्हती. सहाशे घरांच्या नावांच्या माळा त्यांच्या आत होत्या, आणि लहानपणी वह्यांना नवे पुठ्ठे चढवताना मयुरेशनं त्या इतक्या वेळा ऐकल्या होत्या की त्यातल्या कित्येक त्याच्याही आत जाऊन बसल्या होत्या. "रामभाऊ," नाना म्हणाले. "रामभाऊचा बाप तुकाराम. तुकारामाचा बाप बुधा. बुधाचा..." ते थांबले. हात हवेत तसाच राहिला. "बुधाचा बाप..." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा रामभाऊपासून सुरुवात केली, आणि पुन्हा बुधाशी येऊन उभे राहिले. कपाळावर घाम आला. दिनेश खाली बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. लय झालं एवढं."

नाना खोलीभर नजर फिरवू लागले. भिंत, खिडकी, दिनेश, दारात उभा असलेला मयुरेश. तिथं ती नजर थांबली. तिच्यात आता कसलीच घडी नव्हती, अदब नव्हती, निकाल नव्हता. होती ती फक्त बुडणाऱ्याची घाई.

"मयुर," ते म्हणाले. "अरे मयुर, पुढचं नाव काय रे?"

मयुरेशला ते नाव येत होतं. "चांगदेव, नाना. बुधाचा बाप चांगदेव."

"चांगदेव!" नानांचा चेहरा उजळला. ते दिनेशकडे वळून कौतुकानं म्हणाले, "हा माझा मुलगा. सगळं पाठ आहे त्याला. शाबास रे." आणि त्यांनी हात पुढं करून त्याचं मनगट धरलं, ते दिनेश उठून जाईपर्यंत सोडलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्याला शाबास म्हटलं होतं. तो मनगट न हलवता उभा राहिला. त्याला सगळं कळत होतं. गोळी बंद केली तर दोन-तीन आठवड्यांत माळा परत येतील, पंचांगाचं पान उलटेल, खर्ज परत येईल. आणि त्याबरोबर ते दोघं परत येतील, तो बुधवार आणि तो ब्रदर.

संध्याकाळी सात वाजता यशश्री आतून म्हणाली, "अरे, आज नाना किती छान बोलले ना तुझ्याशी? गोळी लागू पडली बघ."

"हो," तो म्हणाला. त्यानं पाकिटातून गोळी काढली, पेल्यात पाणी घेतलं आणि नानांच्या मानेखाली हात घालून त्यांना हलकेच उठवलं.

"कोण? मयुर का?"

"हो नाना. आ करा."